मताचा अधिकार आणि लायकीची अट : चार्टिस्ट चळवळीचा धडा

(द्वितीय वर्ष कला)

राज्य कोणी करावे, हा राज्यशास्त्रातील सर्वांत जुना प्रश्न आहे. जहाजाचे सुकाणू आपसात भांडणाऱ्या खलाशांच्या हाती द्यावे, की वारा आणि तारे जाणणाऱ्या माणसाच्या हाती, असा दृष्टान्त प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये दिला आणि ज्ञानी माणसानेच राज्य करावे असा निष्कर्ष काढला. हा दृष्टान्त आजही पुष्कळांना पटतो. “अडाणी लोकांच्या मतांमुळे देशाचे वाटोळे झाले, मतदानाला निदान दहावी पासची तरी अट हवी,” असे उद्गार सुशिक्षितांच्या तोंडून वरचेवर ऐकू येतात. आपल्या महाविद्यालयीन चर्चांतही हे मत अधूनमधून डोके वर काढते.

या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देण्यापेक्षा ते इतिहासात शोधावे, असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये नेमका हाच वाद झाला, आणि तो पुस्तकात राहिला नाही. गिरण्यांत, खाणींत, तुरुंगात आणि पार्लमेंटच्या दारात तो लढला गेला. ही लढाई इतिहासात ‘चार्टिस्ट चळवळ’ या नावाने ओळखली जाते. चळवळ त्या काळी हरली; परंतु तिच्या बहुतेक मागण्या आज लोकशाहीची प्राथमिक लक्षणे मानल्या जातात. असे का झाले, हे समजावून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

१८३२ ची निराशा

१८३२ पूर्वीच्या इंग्लंडमध्ये पार्लमेंट होते, निवडणुका होत्या, पण त्यांना लोकशाही म्हणणे कठीण आहे. ओल्ड सेरम या जवळजवळ ओसाड पडलेल्या जागेतून दोन सभासद पार्लमेंटमध्ये जात आणि मँचेस्टरसारख्या वाढत्या औद्योगिक शहराला स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. सुधारणा मागण्यासाठी १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर सुमारे साठ हजार माणसे जमली, तेव्हा त्यांच्यावर घोडदळ घालण्यात आले. त्यात निदान पंधरा जण मृत्युमुखी पडले.

अखेर १८३२ चा सुधारणा कायदा आला. तो मंजूर व्हावा म्हणून झालेल्या सभांत आणि मोर्च्यांत कामगार मोठ्या संख्येने होते. पण कायदा हाती आला तेव्हा शहरांत मत मिळाले ते वार्षिक दहा पौंड भाड्याच्या योग्यतेचे घर असणाऱ्या पुरुषाला. म्हणजे दुकानदार आणि कारखानदार आत गेले व कामगार दाराबाहेरच राहिला. कायद्यानंतरही प्रौढ पुरुषांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यालाच मत होते. स्त्रियांना तर कायद्यानेच स्पष्टपणे वगळले.

मताचा अधिकार नसला म्हणजे काय होते, हे पुढील दोन वर्षांतच कामगारांना कळून चुकले. १८३४ च्या गरिबांविषयीच्या नव्या कायद्याने धडधाकट गरिबाला मदत हवी असेल तर त्याने ‘वर्कहाऊस’मध्ये जावे असे धोरण ठरले, आणि तेथे नवरा, बायको व मुले यांना वेगवेगळे ठेवले जाई. त्याच वर्षी डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या खेड्यातील सहा शेतमजुरांना, संघटना करताना गुप्त शपथ घेतली या आरोपाखाली, सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियात हद्दपार केले. जोराच्या लोकक्षोभानंतर १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली. ज्या पार्लमेंटने हे कायदे केले आणि राबवले, त्यात या मजुरांचे एकही मत नव्हते. साहजिकच मजुरी, भाकरी आणि मताचा अधिकार हे तीन प्रश्न त्यांच्या दृष्टीने एक झाले.

सहा मागण्या

१८३६ मध्ये ‘लंडन वर्किंग मेन्स असोसिएशन’ ही कामगारांची संस्था स्थापन झाली. तिचा चिटणीस विल्यम लव्हेट हा फर्निचर बनवणारा कारागीर होता. मे १८३८ मध्ये या संस्थेने ‘पीपल्स चार्टर’, म्हणजे लोकांची सनद, प्रसिद्ध केली. तीत सहा मागण्या होत्या आणि प्रत्येकीमागे एक रोकडा अनुभव होता.

पहिली मागणी, एकवीस वर्षांवरील प्रत्येक पुरुषाला मत. दुसरी, गुप्त मतदान. त्या काळी मत सर्वांदेखत तोंडाने सांगावे लागे, त्यामुळे जमीनदार आपल्या कुळाला आणि मालक आपल्या कामगाराला सहज वेठीस धरू शकत असे. तिसरी, उमेदवाराला मालमत्तेची अट नको. पार्लमेंटमध्ये जायचे तर शहरातून वर्षाला ३०० पौंड आणि काउंटीतून ६०० पौंड उत्पन्नाची मालमत्ता लागे. चौथी, सभासदांना पगार द्यावा, कारण हातावर पोट असलेला माणूस काम सोडून बिनपगारी कायदे करायला कसा जाणार? पाचवी, मतदारसंघ सारख्या लोकसंख्येचे असावेत. सहावी, पार्लमेंटची निवडणूक दरवर्षी व्हावी. तेव्हा पार्लमेंटची कमाल मुदत सात वर्षांची होती.

या सहांमागील सूत्र एकच होते. राज्य हे मालमत्तेचे मंडळ आहे, की माणसांचे? हा वाद इंग्लंडला नवा नव्हता. यादवी युद्धाच्या काळात, १६४७ साली, पटनी येथील चर्चमध्ये सैन्याच्या सभेत सेनापती आयर्टन याने असे मांडले होते की, ज्याचा देशात जमीनजुमल्याचा कायमचा हितसंबंध आहे त्यालाच मत असावे. कर्नल रेनबरो याने त्याला उत्तर दिले होते की, गरिबातल्या गरिबालाही स्वतःचे आयुष्य जगायचे असते आणि ज्या सरकारच्या स्थापनेत त्याचा आवाज नाही ते सरकार त्याच्यावर बंधनकारक होऊ शकत नाही. पुढे १७९१ मध्ये टॉमस पेन याने ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये माणूस म्हणून असलेल्या हक्कांचा पुरस्कार केला. चार्टिस्टांनी हाच विचार गिरणीच्या दारात नेला.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सनदेच्या पहिल्या मसुद्यात स्त्रियांच्या मताचाही समावेश होता. पण त्यामुळे पुरुषांचा मताधिकार लांबणीवर पडेल या भीतीने तो गाळला गेला, असे लव्हेटने आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. चळवळीत स्त्रिया होत्या. त्यांच्या स्वतंत्र संघटना होत्या, अर्जांवर हजारो स्त्रियांच्या सह्या होत्या. तरीही ‘सार्वत्रिक’ या शब्दातून त्या वगळल्या गेल्या. जे वाक्य श्रीमंत गरिबांना ऐकवत होते, “तुमची वेळ अजून आली नाही,” तेच वाक्य गरीब पुरुषांनी आपल्या बायकांना ऐकवले.

अर्ज, संप आणि बंदूक

चळवळीचा सर्वांत लोकप्रिय पुढारी फर्गस ओकॉनर हा आयर्लंडचा होता. त्याचे ‘नॉर्दर्न स्टार’ हे साप्ताहिक नोव्हेंबर १८३७ पासून लीड्स येथे निघू लागले. वृत्तपत्रावरील करामुळे अंक महाग पडे. म्हणून अनेक जण मिळून एक अंक घेत, आणि कामाच्या जागी किंवा गुत्त्यावर ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची व बाकीचे ऐकत. अक्षरओळख नसलेली हजारो माणसे अशा रीतीने पार्लमेंटच्या कारभारावर वादविवाद करू लागली. मला या चळवळीतील ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे आपण पुढे परत येणार आहोत.

पहिला अर्ज १८३९ च्या उन्हाळ्यात पार्लमेंटपुढे आला. त्यावर सुमारे १२ लाख ८० हजार सह्या होत्या. कॉमन्स सभागृहाने तो विचारात घेण्यास २३५ विरुद्ध ४६ मतांनी नकार दिला. आता काय करायचे, यावर चळवळीत दोन तट पडले. लव्हेटसारख्यांचा भर नैतिक बळावर, म्हणजे सभा, शिक्षण आणि लोकमत यांवर होता. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, मागे शस्त्राचा धाक नसेल तर अर्जाला किंमत नाही.

४ नोव्हेंबर १८३९ रोजी वेल्समधील न्यूपोर्ट गावात याचा स्फोट झाला. रात्रभर पावसातून चालत आलेले हजारो खाणकामगार आणि लोखंडकामगार वेस्टगेट हॉटेलवर चालून गेले. त्यांचा पुढारी जॉन फ्रॉस्ट हा कापडाचा व्यापारी आणि त्याच गावचा माजी महापौर होता. आतील सैनिकांनी गोळीबार केला आणि सुमारे बावीस माणसे मारली गेली. फ्रॉस्ट व त्याच्या दोन साथीदारांना फाशीची शिक्षा झाली. ती पुढे बदलून त्यांना टास्मानिया बेटावर, आपल्या भाषेत काळ्या पाण्यावर, पाठवले. या उठावाने सरकार हलले नाही. उलट शेकडो कार्यकर्ते तुरुंगात गेले आणि चळवळीच्या शत्रूंना आयते कारण मिळाले.

दुसरा अर्ज मे १८४२ चा. सह्या ३३ लाखांहून अधिक होत्या, आणि आयर्लंड सोडून ब्रिटनची लोकसंख्या तेव्हा दोन कोटींच्या आत होती. हाही अर्ज २८७ विरुद्ध ४९ मतांनी फेटाळला गेला. त्या ऑगस्टमध्ये मजुरीकपातीविरुद्ध उत्तर इंग्लंडात मोठा संप झाला. कामगारांनी बॉयलरची बुचे काढून गिरण्या बंद पाडल्या. संप मोडला गेला.

शेवटचा मोठा प्रयत्न १० एप्रिल १८४८ चा. फेब्रुवारीत फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली होती, त्यामुळे लंडन धास्तावले होते. राणी व्हिक्टोरियाला आइल ऑफ वाइट बेटावर हलवले, शहराच्या रक्षणाची व्यवस्था वृद्ध वेलिंग्टनकडे दिली आणि हजारो खास शिपाई नेमले. केनिंग्टन येथील मैदानावर सभा झाली, पण मोर्चाला नदी ओलांडू दिली नाही. अर्ज घोडागाड्यांतून पार्लमेंटकडे न्यावा लागला. अर्जावर ५७ लाख सह्या आहेत असे ओकॉनरने जाहीर केले होते. पार्लमेंटच्या कारकुनांनी मोजल्या तेव्हा त्या १९ लाख ७५ हजारांच्या आसपास भरल्या, आणि त्यांत खुद्द राणी व्हिक्टोरिया व वेलिंग्टन यांच्या नावांच्या बनावट सह्याही निघाल्या. सारा देश हसला. त्या हसण्यात वीस लाखांच्या आसपास सह्या मात्र विसरल्या गेल्या. त्याच वर्षी विल्यम कफे या लंडनच्या चार्टिस्ट पुढाऱ्याला टास्मानियात हद्दपार केले. तो व्यवसायाने शिंपी होता आणि त्याचा बाप वेस्ट इंडीजमधील गुलामीत जन्मलेला होता.

मेकॉलेचा युक्तिवाद

३ मे १८४२ रोजी दुसऱ्या अर्जाला विरोध करताना मेकॉले याने भाषण केले. हा तोच मेकॉले, ज्याचे १८३५ चे शिक्षणविषयक टिपण आपण सर्व जाणतो. हिंदुस्थानातून परत जाऊन तो पार्लमेंटमध्ये बसला होता. सनदेतील काही मागण्यांना आपला विरोध नाही, असे तो म्हणाला. पण सार्वत्रिक मताधिकार हा सुसंस्कृत समाजाच्या अस्तित्वाशीच विसंगत आहे, असे त्याचे ठाम मत होते. त्याची विचारसरणी अशी : संस्कृती मालमत्तेच्या सुरक्षिततेवर उभी असते. बहुसंख्य लोकांजवळ मालमत्ता नाही आणि शिक्षणही नाही. त्यांच्या हाती सत्ता दिली तर ते दारिद्र्याच्या पोटी मालमत्ता लुटतील, भांडवल नष्ट होईल आणि शेवटी तेही उपाशी मरतील.

जॉन स्टुअर्ट मिल याचा विचार याहून उदार होता. १८६१ च्या आपल्या ग्रंथात त्याने कामगारांना आणि स्त्रियांनाही मत असावे असे म्हटले. मात्र ज्याला लिहिता, वाचता व साधा हिशेब करता येत नाही त्याला मत नको, आणि अधिक शिकलेल्यांना एकाहून अधिक मते असावीत, असेही सुचवले. शिक्षण देणे हे समाजाचे कर्तव्य आहे हे त्याला मान्य होते, पण क्रम त्याने ठरवून टाकला. आधी सर्वांना शिक्षण, मग सर्वांना मत.

हा क्रम वरवर निर्दोष वाटतो. परंतु प्रश्न असा की, ज्यांना मत नाही त्यांच्या शाळेसाठी पैसा मंजूर कोण करणार? ब्रिटिश पार्लमेंटने शाळांसाठी पहिले अनुदान १८३३ मध्ये दिले, ते अवघे २०,००० पौंड. नऊ वर्षांनी तेच पार्लमेंट कामगारांना अशिक्षित म्हणून मत नाकारत होते.

आधी मत, मग शाळा

प्रत्यक्षात क्रम उलटा लागला. १८६७ च्या दुसऱ्या सुधारणा कायद्याने शहरी कामगारांच्या मोठ्या वर्गाला मत मिळाले आणि मतदारांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. रॉबर्ट लो हा पुढारी या कायद्याचा कट्टर विरोधक होता. कायदा मंजूर होताच, आता आपल्या भावी धन्यांना अक्षरे शिकवणे भाग आहे, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले. आणि तीनच वर्षांनी, १८७० मध्ये, इंग्लंड-वेल्समध्ये सर्वत्र प्राथमिक शाळा उभारण्याचा कायदा झाला. १८८० मध्ये शाळेतील हजेरी सक्तीची झाली. याला दुसरीही कारणे होती. उद्योगांना शिकलेला कामगार हवा होता. पण मतदाराला शिकवण्याची निकड राज्यकर्त्यांना मत दिल्यावर वाटली, आधी वाटली नाही, हे कसे विसरता येईल?

सनदेच्या मागण्याही एकेक करून मान्य झाल्या. उमेदवाराची मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली. गुप्त मतदान १८७२ मध्ये आले. १८८४ मध्ये ग्रामीण कामगारांपर्यंत मत पोचले व १८८५ मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली. १९११ मध्ये सभासदांना वर्षाला ४०० पौंड पगार सुरू झाला. १९१८ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना आणि तीस वर्षांवरील बऱ्याच स्त्रियांना, तर १९२८ मध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले. सहांपैकी फक्त वार्षिक निवडणूक कधीच आली नाही. मेकॉलेने भाकीत केलेली लूट मात्र झाली नाही. कामगारांचे पक्ष निघाले, कामगारांची सरकारे आली, कर वाढले, दवाखाने व शाळा निघाल्या. इंग्लंडची संस्कृती बुडाली नाही.

आपल्याकडील संबंध

हाच वाद आपल्याकडेही होऊन गेला आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९११ मध्ये मांडले. ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. ज्या कायदेमंडळात ते फेटाळले गेले तेथे शेतकऱ्या-मजुरांचे मत पोचतच नव्हते. ब्रिटिश अमदानीत पुढे मताधिकार वाढला तोही मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सायमन कमिशनच्या वेळी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. निरक्षर माणूस बुद्धिहीन असतो हे गृहीतच चुकीचे आहे, असे त्यांनी १९२९ च्या आपल्या अहवालात बजावले. स्वतंत्र भारताच्या घटनेने ही अट संपूर्ण काढून टाकली. १९५१ मध्ये देशात साक्षरतेचे प्रमाण केवळ १८ टक्क्यांच्या आसपास असताना, १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख स्त्री-पुरुष मतदार होते. इंग्लंडला सनदेपासून समान मताधिकारापर्यंत नव्वद वर्षे लागली. आपण ते अंतर एका पावलात ओलांडले.

तरीही जुना प्रश्न मिटलेला नाही. २०१५ मध्ये हरियाणा राज्याने पंचायतीची निवडणूक लढवण्यासाठी शिक्षणाची अट घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. ही अट मतदाराला नसून उमेदवाराला आहे, हे खरे. पण चार्टिस्टांची तिसरी मागणी उमेदवाराविषयीचीच होती, याचे येथे स्मरण होते.

या प्रश्नाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी आजी अंगठा उठवते, आईचे शिक्षण चौथीत थांबले. शिक्षणाची अट घातली तर घरातील एकटी मी मतदार ठरेन, आणि रेशनच्या धान्याविषयी, हंडाभर पाण्याविषयी, रोजगार हमीच्या मजुरीविषयी सर्वांत जास्त ठाऊक असलेल्या दोघी मतदार यादीतून गळतील. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांना त्याच कारणासाठी मतही मिळू नये, यात न्याय कोणता?

विरोधी बाजूही विचारात घ्यावी. १८४८ मध्ये फ्रान्सने सर्व पुरुषांना मत दिले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या मतदारांनी लुई नेपोलियनला अध्यक्ष निवडले. १८५१ मध्ये त्याने प्रजासत्ताकच उलथून टाकले. बहुमत चुकू शकते, याचा हा ढळढळीत पुरावा आहे. पण शिक्षण हा त्यावर हमखास उतारा आहे काय? १० मे १९३३ रोजी जर्मनीत ग्रंथांच्या होळ्या पेटवल्या त्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी, आणि काही ठिकाणी प्राध्यापकही तेथे हजर होते. पदवी माणसाला माहिती देते. दुसऱ्याच्या हक्काची चाड ती देईलच असे नाही. चुकलेले सरकार पुढच्या निवडणुकीत बदलण्याची सोय, हीच चुकांवरची खरी तोड आहे, आणि ती सोय सर्वांच्या हाती असेल तरच कोणा एका वर्गाचे दुःख कायमचे दृष्टिआड होत नाही.

समारोप

चार्टिस्टांचे सगळेच बरोबर होते, असे कोणी म्हणणार नाही. न्यूपोर्टची वाट चुकीची होती, बनावट सह्यांनी खऱ्या सह्यांचा घात केला, आणि स्त्रियांच्या बाबतीत त्यांनी आपलेच तत्त्व मोडले. पण लायकी सिद्ध करा आणि मग हक्क मागा, या म्हणण्यातील फसवणूक त्यांनी ओळखली. राजकारण समजण्याची लायकी राजकारणात भाग घेऊनच येते, हे एक अंक दहा जणांत मोठ्याने वाचणाऱ्या विणकरांनी दाखवून दिले.

म्हणून मतदार अडाणी आहे अशी तक्रार करणाऱ्या आपणा सुशिक्षितांसमोर एक सोपे काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढच्या शिबिरात रस्ता झाडून झाल्यावर एक तास काढावा, ग्रामपंचायतीचा जमाखर्च मागून घ्यावा आणि गावकऱ्यांसमोर तो मोठ्याने, सावकाश, समजेल अशा मराठीत वाचून दाखवावा. प्रश्न विचारायला ते मागे राहणार नाहीत.